वाचक विचारतात: ऊन पडलं तरी मासा हलत का नाही?

या वेळची पत्रं वाचताना हसू आलं, कारण निम्म्याहून जास्त लोकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारलीये. थंडी सरत आली, बर्फ वितळायला लागला, रॉड पुसून तयार, रीळला तेल दिलं, आणि नदीवर गेलं की हात हलवत परत. म्हणून आजचा सगळा कॉलम यावरच. उत्तरं थंड प्रदेशातल्या, बर्फाच्या पाण्यावर चालणाऱ्या नद्यांची आहेत आणि मुख्यतः ट्राउटची, म्हणजे थंड वाहत्या पाण्यात राहणाऱ्या माशाची आहेत, कारण प्रश्नच तसे आलेत.

प्रश्न: दादा, सलग तीन रविवार गेलो. हवा मस्त, जॅकेट काढून ठेवावं लागतं, ऊन तर असं की टोपीशिवाय उभं राहवत नाही. मासा मात्र एक नाही. सोबतचे म्हणतात नदीत मासाच उरला नाही. खरं काय?

मासा आहे हो, तुम्ही लवकर गेलात एवढंच. तुम्ही हवा बघून घराबाहेर पडता आणि मासा राहतो पाण्यात, सगळा घोळ इथे आहे. तेवढंच आकारमान एक डिग्रीने तापवायला पाण्याला हवेपेक्षा तीन हजार पटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळे हवा सकाळी ५ वरून दुपारी १६ ला जाते आणि नदी बिचारी ३ वरून ४ वर येते. त्यात वर डोंगरावर बर्फ असेल तर विषयच संपला. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला ८० कॅलरी जातात, म्हणजे ज्या उष्णतेत तेच एक ग्रॅम पाणी शून्यावरून थेट ८० डिग्रीपर्यंत तापलं असतं तेवढी उष्णता बर्फाचं पाणी करण्यातच खर्च होते, आणि एवढं करून जे पाणी खाली येतं ते शून्याच्या आसपासचंच.

आता यातली गंमत बघा. कडक उन्हाचा दिवस म्हणजे चांगला दिवस असं आपण धरून चालतो, पण बर्फाच्या जवळच्या नदीवर नेमकं त्याच दिवशी दुपारनंतर थंडगार पाण्याचा लोंढा येतो आणि सकाळी जे काही एक-दीड डिग्री कमावलेलं असतं ते तासाभरात जातं. याउलट ढगाळ, दमट, रात्री पण फार गारठा न पडलेला दिवस, जो बघून आपण घरी लोळत पडतो, तो बरेचदा जास्त चांगला निघतो. मला हे कळायला बरीच वर्षं लागली आणि तोवर सगळे सोनेरी रविवार मी वाया घालवले.

मासा थंड रक्ताचा, त्याचं शरीर पाण्याएवढंच गार. पाणी थंड असेल तर पचन इतकं हळू चालतं की एकदा खाल्लेलं कित्येक दिवस पुरतं, मग तो कशाला धावेल तुमच्या गळाकडे? माझा ढोबळ हिशोब असा आहे: ४ डिग्रीच्या खाली ट्राउट अगदी नाकासमोर आलं तरच घेईल, ६-७ च्या पुढे हालचाल सुरू होते, ९-१० ला खरी मजा, ब्राउन ट्राउटची वाढ १३-१४ च्या आसपास सगळ्यात जोरात, आणि १९-२० च्या पुढे उलट त्याचाच जीव कासावीस व्हायला लागतो. पण आकड्यापेक्षा आकडा कुठे चाललाय ते बघा. ३ वरून ५ वर चढलेलं पाणी मला १० वरून ८ वर उतरलेल्या पाण्यापेक्षा जास्त आवडतं. साधा थर्मॉमीटर दोरीला बांधा, सावलीतल्या वाहत्या पाण्यात मिनिटभर धरा, काठच्या उथळ डबक्यात नको, तिथे तो खोटं बोलतो. एकदा पोचल्यावर, एकदा दुपारी दोनला. तीन रविवार फुकट गेले म्हणता, त्यात निदान सहा आकडे तरी हातात आले असते.

प्रश्न: पहाटे लवकर जावं की उशिरा? आमच्यात यावरून भांडणं होतात.

पहाटे झोपा. उन्हाळ्यात पहाट चांगली, कारण दिवसा पाणी तापलेलं असतं आणि माशाला गारवा हवा असतो, आता सगळं उलटं. साधारण अकरा ते तीन. फक्त एक लक्षात ठेवा, डोंगरावर दुपारी वितळलेलं पाणी तुमच्यापर्यंत कधी पोचतं ते अंतरावर आहे, बर्फाला लागून असाल तर त्याच दुपारी, बरंच खाली असाल तर संध्याकाळी, नाहीतर थेट रात्री. दोन-चार दिवस काठावर एका दगडावर खूण करून पाणी किती वाजता चढतं ते बघितलंत की तुमच्या नदीचं टाइमटेबल तुम्हालाच कळेल आणि भांडणं मिटतील.

प्रश्न: मागच्या जूनमधे ज्या खळाळत्या पाण्यात मासे मिळाले तिथे आता काहीच नाही. मासे जातात तरी कुठे?

फार लांब नाही, बरेचदा त्याच जागेच्या खालच्या डोहात. जूनमधे तो खळाळात का होता ते आधी बघू. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, २० डिग्रीला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, आणि शून्याला साडेचौदाच्या पुढे. म्हणजे उन्हाळ्यात श्वासासाठी त्याला फेसाळत्या पाण्यात जावं लागतं, आत्ता ती गरजच नाही, ऑक्सिजन सगळीकडे भरपूर. आत्ता त्याची काळजी एकच, ताकद वाचवायची. पोहायला जेवढं खर्च होईल तेवढं खाण्यातून मिळायची खात्री नाही, मग तो अशी जागा धरतो जिथे पोहावंच लागत नाही. डोहाचा तळ, मोठ्या दगडाची मागची बाजू, पडलेल्या झाडाच्या खोडाआड. तळाशी दगडगोट्यांच्या घर्षणाने पाण्याचा वेग खूप कमी असतो, वर धार कितीही जोरात दिसली तरी खाली तो आरामात असतो.

अजून एक जागा म्हणजे जोरातली धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातात ती रेघ. फेसाचे ठिपके जिथे ओळीने चाललेत ना, तीच. मासा संथ बाजूला राहतो आणि धारेतून वाहत येणारं खाणं मान वळवून उचलतो. खिडकीत बसून भाजीवाल्याला हाक मारल्यासारखं.

आणि झरे शोधा, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. जमिनीखालून येणाऱ्या पाण्याचं तापमान वर्षभर जवळपास सारखं असतं, त्या भागातल्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास, त्यामुळे आत्ता ते नदीपेक्षा उबदार. काठावर जिथे बर्फ सगळ्यात आधी गेलाय, जिथे पाणवनस्पती हिवाळ्यातही हिरवी राहिलीये, थंड सकाळी जिथून वाफ निघताना दिसते, तिथे खाली झरा असायची शक्यता मोठी. खोल धरणाच्या खालचा भाग पण असाच. पाण्याची घनता ४ डिग्रीला सर्वात जास्त, त्यामुळे हिवाळ्यात धरणाच्या तळाशी ४ च्या आसपासचं पाणी असतं आणि दार तळातून असेल तर तेच बाहेर पडतं, म्हणून आत्ता बाकीच्या नदीपेक्षा तिथे बरं. पण हीच नदी मे महिन्यात बाकीच्यांच्या मागे पडते, कारण तळाचं पाणी अजून गारच असतं.

उत्तर गोलार्धात असाल तर पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या नदीच्या उत्तर काठाला ऊन जास्त मिळतं. दुपारी आधी तिकडे बघा.

प्रश्न: पाणी गढूळ असलं की परत यायचं का?

कुठलं गढूळ त्यावर आहे. हिरवट, दुधाळ, गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर बुटाचं टोक अंधूक दिसतंय, तर थांबा, हे उलट चांगलं पाणी, माशाला तुम्ही नीट दिसत नाही आणि तो बिनधास्त काठाजवळ येतो. चहासारखं तपकिरी, वरून काटक्या, पानं, गवताचे पुंजके वाहत येतायत, तर गाडी फिरवा. काटक्या वाहत येणं म्हणजे पाणी चढतंय, काल कोरड्या असलेल्या काठावरचा कचरा ते उचलून आणतंय. उतरणारं पाणी तो कचरा काठावर सोडत जातं, ओल्या गवताची एक रेघ दिसते पाण्यापासून थोडी वर. चढतं पाणी वाईट, उतरतं आणि निवळत चाललेलं पाणी फार चांगलं, अख्ख्या सीझनमधले माझे सगळ्यात भारी दिवस पूर उतरल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे आहेत. गढूळ पाण्यात मासा अंगावरच्या पार्श्वरेषेने, म्हणजे पाण्यातली कंपनं टिपणाऱ्या त्या बाजूच्या ओळीने, बरंच काही ओळखतो, तेव्हा आमिष मोठं, गडद रंगाचं आणि जरा हलतं ठेवा, आणि एकाच जागेवरून पाच-सहा वेळा फिरवा.

प्रश्न: कॅलेंडर बघून जाऊ नका असं तुम्ही मागे लिहिलं होतं. मग सीझन आला हे ओळखायचं कसं? काही खुणा सांगा ना. पक्षी, झाडं, काहीही.

हा प्रश्न आला की मला आवरावं लागतं स्वतःला. आधी कॅलेंडरचं सांगतो. अलास्कात नेनाना नावाचं गाव आहे, तिथे टनाना नदीवरचा बर्फ कधी फुटणार यावर १९१७ पासून दरवर्षी लोक पैज लावतात. बर्फावर लाकडी तिवई उभी करतात, तिची दोरी काठावरच्या घड्याळाला, बर्फ फुटून तिवई सरकली की घड्याळ बंद पडतं आणि तीच वेळ धरायची. २०१३ ला ती वेळ आली २० मे रोजी. २०१९ ला १४ एप्रिल रोजी. एकच नदी, एकच जागा, आणि सहा वर्षांच्या आत ३६ दिवसांचा फरक! सांगा आता, "दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जातो" या वाक्याला काय अर्थ राहिला? स्वीडन-फिनलंडच्या सीमेवरच्या टोर्ने नदीच्या बर्फ फुटण्याच्या नोंदी तर १६९३ पासूनच्या आहेत आणि त्यातल्या तारखा हळूहळू लवकरच्या होत गेलेल्या दिसतात.

खुणांचं म्हणाल तर निसर्गात दोन घड्याळं चालतात असं समजा. एक उष्णतेचं, एक उजेडाचं. कळ्या फुटणं, कीटक बाहेर येणं, बेडकांची अंडी दिसणं हे बरंचसं उष्णतेवर. रोज किती ऊब मिळाली याची जणू बेरीज चालू असते आणि ती एका आकड्याला पोचली की कळी उघडते. लांबून येणारे पक्षी आणि माशांच्या पोटात अंडी पिकणं हे मुख्यतः दिवस किती मोठा झाला त्यावर, कारण हजारो किलोमीटर लांब बसलेल्या पाकोळीला तुमच्याकडे ऊन पडलंय की बर्फ ते कळायचा काही मार्गच नाही. म्हणून पाण्याबद्दल जाणून घ्यायचं असेल तर मी पक्ष्यांच्या येण्यापेक्षा झाडांवर आणि किड्यांवर जास्त विश्वास ठेवतो. काठावरच्या विलोला मऊ चंदेरी तुरे आले की नदी कूस बदलतेय, आल्डरची लोंबती फुलं पिवळी पडून हलवल्यावर पराग उडायला लागला की अजून एक पाऊल पुढे. पाकोळ्या आल्या म्हणून नाही, पण आलेल्या पाकोळ्या पाण्याच्या अगदी लगत घिरट्या घालायला लागल्या की मात्र सगळं सोडून रॉड जोडा, कारण खाली किडे निघतायत.

किड्यांचा क्रम शिकलात तर निम्मं काम झालं. सगळ्यात आधी छोटे काळे स्टोनफ्लाय, हे चक्क बर्फावर चालताना दिसतात, लोकांना वाटतं चुकून आलेत, पण त्यांची वेळच ती. मग ढगाळ, रिमझिम दुपारी बारीक करड्या पंखांचे मेफ्लाय, फ्लायवाले, म्हणजे किड्यासारख्या नकली आमिषाने मासे धरणारे, ज्यांना ब्लू विंग्ड ऑलिव्ह म्हणतात, उभे पंख घेऊन पाण्यावर छोट्या होड्यांसारखे तरंगत जातात. ब्रिटनमधल्या जोरात वाहणाऱ्या नद्यांवर, वेल्समधली अस्क त्यासाठी प्रसिद्ध, मार्च ब्राउन नावाचा मेफ्लाय निघतो, नाव मार्च पण एप्रिलमधेही निघतो, दुपारी बारा-एकच्या सुमारास, आणि एकदम झुंडीने, दहा मिनिटं नदी उकळल्यासारखी आणि मग परत शांत, तुम्ही डबा उघडून बसलात तर गेला चान्स. त्यानंतर एप्रिलमधे ग्रॅनम नावाचा कॅडिस. हे सगळे किडे आत्तापर्यंत दगडाखाली अळीच्या रूपात होते, म्हणून पोचल्यावर पहिलं काम म्हणजे उथळ पाण्यातले दोन-तीन दगड उचलून खालची बाजू बघायची. अळीच्या पाठीवरचे पंखांचे कोष काळे पडले असतील तर ती एक-दोन दिवसांत निघणार. दगड होता तसा परत ठेवा मात्र.

नोंदी ठेवण्याबद्दल पण विचारलंय तुम्ही पत्राच्या शेवटी. इंग्लंडमधे नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ ला वसंताच्या खुणा लिहायला सुरुवात केली, पहिलं फूल, पहिली पाकोळी, पहिला बेडूक, आणि त्यांच्या घराण्याने ती वही १९५८ पर्यंत चालवली. तुम्ही दोन वर्षं चालवली तरी मला पुरे.

प्रश्न: काका, मी कॉलेजला आहे, मागच्या आठवड्यात एक रेनबो ट्राउट मिळाला, हातात घेतला तर पोटातून नारिंगी अंडी गळायला लागली. घाबरून लगेच सोडला. बरोबर केलं का?

एकदम बरोबर केलंस, आणि घाबरलास याचंच मला बरं वाटलं. रेनबो वसंतात अंडी घालतो, ब्राउन ट्राउट शरद ऋतूच्या शेवटी. त्यामुळे आत्ता नदीत दोन्ही चालू आहे, रेनबोची अंडी पडतायत आणि ब्राउनची पिल्लं गोट्यांच्या फटीतून वर येतायत. १० डिग्री पाण्यात रेनबोच्या अंड्यातून पिल्लू निघायला साधारण महिना लागतो, पाणी गार असेल तर अजून जास्त. तेवढे दिवस ती अंडी खड्यांखाली गाडलेली असतात आणि आपण गमबूट घालून त्यावरून चालत जातो.

ती जागा ओळखायला शिक. उथळ, वाहत्या पाण्यात वाटाण्यापासून लिंबाएवढ्या खड्यांच्या तळावर एखादा लांबट गोल भाग आजूबाजूपेक्षा स्वच्छ, उजळ दिसतो, मादीने शेपटीने शेवाळ झटकून साफ केलेला, पुढे छोटा खड्डा आणि मागे उंचवटा. अंडी त्या उंचवट्यात. तिथून लांबून जा, आणि तिथे जोडी दिसली तर गळ टाकू नकोस, मासा मिळेल पण त्यात काही कौतुक नाही. पुढच्या वेळी असा मासा आला तर पाण्याबाहेर काढूच नकोस, हात ओले कर, गळ पाण्यातच सोडव.

नियम पण बघून जात जा, प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. हिमाचलमधे ट्राउट नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद आणि १ मार्चला उघडते, इंग्लंडमधे नद्यांवर ट्राउट-सॅमन सोडून बाकीच्या गोड्या पाण्यातल्या माशांसाठी १५ मार्च ते १४ जून बंद. या तारखा माशांच्या विणीवरून आल्यात, उगाच त्रास द्यायला नाही.

प्रश्न: पाण्यात किती आत उतरावं?

गुडघ्यापर्यंत. उत्तर संपलं खरं तर, पण माझं सांगतो. एकदा काठाला लागून राहिलेल्या बर्फाच्या पट्ट्यावर उभा राहिलो, वरून जाड दिसत होता, खालून पाण्याने कधीच पोखरलेला, एका क्षणात कमरेपर्यंत आत. खोल नव्हतं म्हणून वाचलो. पण श्वास असा अडकला की ओरडता पण आलं नाही, आणि बाहेर येऊन गाडीची किल्ली खिशातून काढायला बोटंच चालेनात, दोन मित्र सोबत होते त्यांनी कपडे बदलायला लावले. थंड पाण्यात पडलेल्यांसाठी १-१०-१ असा एक हिशोब सांगतात, पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचं, मग दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि साधारण एक तासाने शुद्ध जायची वेळ येते. पाणी जेमतेम शून्याच्या वर असेल तेव्हाचा हा हिशोब आहे. म्हणजे बाहेर पडायला तुमच्याकडे तास नाही, दहा मिनिटं आहेत, आणि त्याआधीच्या पहिल्या मिनिटात फक्त डोकं पाण्यावर ठेवायचं, घाबरायचं नाही.

वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची वॉटरप्रूफ पँट, घालत असाल तर कमरेचा पट्टा घट्ट बांधा, हातात काठी ठेवा, कोरड्या कपड्यांचा जोड गाडीत, आणि एकटे जाऊ नका. दुपारी नदी ओलांडून पलीकडे गेलात तर संध्याकाळी वितळलेलं पाणी येऊन तीच जागा मांडीपर्यंत झालेली असू शकते, हे वर टाइमटेबलचं लिहिलंय ते याच्यासाठी पण आहे.

प्रश्न: आमिष कुठलं आणि रॉडच्या कड्यांमधे बर्फ साचतो त्याचं काय?

आमिष लहान, हळू, तळाला लागून. मधूनमधून तळाला अडकत नसेल तर तुम्ही पुरेसं खाली नाही, थोडं वजन वाढवा. पाणी चढून उतरलं असेल तर गांडूळ, कारण तेव्हा काठची माती धुऊन खरंच गांडुळं पाण्यात येतात. चावा जोरात येणार नाही, दोरी नुसती थबकल्यासारखी वाटेल, तेवढ्यावर उचला. कड्यांमधल्या बर्फाला जोर लावून तोडू नका, कडंच तुटतं, रॉडचं टोक क्षणभर पाण्यात बुडवा, सुटतो. आणि बर्फ सारखाच साचत असेल तर हवा शून्याखाली आहे, थर्मासमधला चहा प्या आणि अकरा वाजायची वाट बघा.

प्रश्न: पौर्णिमा-अमावस्या बघून जाणारे बरेच आहेत आमच्यात. तुम्ही मानता का?

समुद्रात भरती-ओहोटी असते, तिथे चंद्राला मान आहे. या दिवसांत गार नदीवर मी तरी मानत नाही. ज्यांना पौर्णिमेला मासा मिळाला त्यांना त्या दिवशी पाणी किती डिग्री होतं ते विचारून बघा, एकालाही माहीत नसेल.